दिवसाउजेडी दिवे

आपली जुनी गाडी कुणाला दिसत नाही, हे मालकाच्या गळी उतरवणं अवघड. त्याला ती मैलभरावरूनही दिसते! पण राखाडी मॉरिस मायनर भर दुपारी वडांच्या सावलीतून येते, तेव्हा ओव्हरटेकला बाहेर पडलेल्या ट्रकवाल्याला समोर नुसता रस्ताच दिसतो.

स्वीडनने 1977 मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले. आपल्याकडे 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर लागतो. मग हेडलाइटच लावून फिरावं की, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याने डायनॅमोला विचारावं. मायनरचा ल्यूकस सी-40 गाडी पळताना जेमतेम 22 अँपिअर देतो, सिग्नलला थांबलं की जवळपास काहीच नाही. हेडलाइट, टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा मिळून दहाएक अँपिअर ओढतात. गर्दीत ते सगळे बॅटरीतून जातात. दिवसापुरत्या बसवलेल्या एलईडी दिव्यांच्या जोडीचं एका अँपिअरच्या आसपास भागतं.

पुढची मेख अर्थिंगची. या गाडीची बॉडी बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. एलईडीची काळी वायर सवयीने बॉडीला लावली, तर दिवा पेटत नाही. म्हणून लाल वायर बॉडीला, काळी सप्लायला. काही दिव्यांचं अॅल्युमिनियमचं घर आतून मायनसला जोडलेलं असतं. ते बंपरला टेकलं की थेट शॉर्ट. मी आधी मीटर लावून बघतो आणि ब्रॅकेटखाली रबर घालतोच.

ल्यूकसच्या वायरिंगचे रंग मात्र मला फार आवडतात. हिरवी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, फ्यूजमागची. लाल वायर पार्किंग लाइटची. हिरवीवरून सप्लाय रिलेच्या 30 नंबरला द्यायचा, 87अ वरून दिव्यांना, आणि रिलेची कॉइल लालवर. संध्याकाळी पार्किंग लाइट लावला की रिले खट्कन ओढतो आणि हे दिवे विझतात. विझायलाच हवेत, रात्री ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रिले घेताना आत डायोड नसलेला घ्यावा. डायोडवाल्याच्या कॉइलची टोकं उलटसुलट जोडलेली चालत नाहीत.

बंपरला भोक पाडू देत नाही मी. ब्रॅकेट बंपरच्याच बोल्टवर बसतं. हेडलाइटभोवती गोल निळी कडी हवी म्हणणारेही येतात. त्यांना मी चहा पाजतो आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतो.