झाशीच्या परसातील दोन परदेशी पाहुणे

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे एकच मूर्ती उभी राहते. म्हणूनच झाशीला गेलेला प्रवासी किल्ल्याचे बुरूज चढतो, राणीमहाल पाहतो, 1842 साली जेथे लक्ष्मीबाईंचा गंगाधररावांशी विवाह झाला त्या गणेश मंदिरात हात जोडतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो. मीही तसाच परतलो असतो. पण तो दिवस कार्तिकी एकादशीचा होता, आणि ज्या मराठी कुटुंबाकडे माझी उतरण्याची सोय झाली होती, त्या घरच्या आजींनी मला फराळ केल्यावाचून न सोडण्याचा निश्चय केला होता. वाचकहो, त्या फराळाच्या ताटापासून परसातील एका वाफ्यापर्यंत जो छोटासा प्रवास मला घडला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

झाशीतील मराठी वस्ती जुनी आहे. 1742 च्या सुमारास पेशव्यांचे सरदार नारोशंकर येथे आले; पुढे रत्नागिरीकडचे नेवाळकर सुभेदार झाले. त्यांच्या मागोमाग आलेली कुटुंबे या खडकाळ बुंदेलखंडात रुजली. आजींच्या मराठीत मधूनच बुंदेली शब्द डोकावतो, पण त्यांचा फराळ मात्र अस्सल आपल्याकडचा होता : साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि वर हिरवी मिरची.

“सगळे कसे आपल्या देशाकडचे, नाही?” आजी कौतुकाने म्हणाल्या.

मी हो म्हटले खरे. पण मनात आले की शेंगदाणा, बटाटा, मिरची, इतकेच काय, ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो तो कंददेखील, मूळचा अमेरिका खंडातला. 1492 साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतरच ही मंडळी समुद्र ओलांडून जगभर पसरली. ज्या दिवशी आपण खाण्यापिण्याचे सर्वांत कडक नियम पाळतो, त्याच दिवशीच्या ताटात या परदेशी पाहुण्यांना मानाचे पान मिळावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. आजींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग चला, त्यांतल्या दोघांची गाठ घालून देते.”

परसात एका बाजूस ताज्या भुईमुगाच्या शेंगा उन्हात पसरल्या होत्या. ज्या वाफ्यातून त्या निघाल्या, त्याच वाफ्यात आता सरी-वरंबे करून बटाट्याचे बेणे लावलेले होते.

भुईमुगाचे मूळ घर दक्षिण बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिना या भागात, तर बटाट्याचे अँडीज पर्वताच्या थंड पठारावर, टिटिकाका सरोवराच्या परिसरात. पेरू देशात सिपान येथे 1987 साली एका प्राचीन राजपुरुषाची समाधी सापडली. तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या भुईमूग-शेंगांचा हार होता. बटाट्याला असा अलंकाराचा मान मिळाला नसेल; पण अँडीजमधील लोक तो रात्रीच्या हिवात गोठवून व दिवसाच्या उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकवीत आणि दुष्काळात त्यावर निभावून नेत.

दोघेही जमिनीखालून हाती येतात, म्हणून आपण त्यांना एकाच जातीचे समजतो. वस्तुतः बटाटा हे खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे त्या खोडाचे अंकुर. भुईमूग मात्र फळ आहे. त्याचे पिवळे फूल जमिनीवर उमलते, ते गळाल्यावर तेथून आरी निघते, ती वाकून मातीत शिरते आणि मातीच्या आत शेंग धरते.

“दोघे मातीखालचे,” आजी म्हणाल्या, “पण एकाची रीत दुसऱ्याला लावायला जाल, तर तो हातचा गेलाच म्हणून समजा.” एके वर्षी त्यांनी बटाट्याला घालतात तसे भरपूर खत भुईमुगाला घातले. झाडे अशी माजली की शेजारीपाजारी पाहायला येत. उपटली तेव्हा शेंगा मात्र मूठभर! भुईमुगाच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र स्वतःच मिळवितात, त्याला नत्राचे खत फार नको. त्याला हवा असतो चुना, आणि तो शेंग आपल्या टरफलातून मातीमधून थेट शोषून घेते. म्हणून फुले येताना बुंध्याशी थोडा जिप्सम पसरावा. बटाटा मात्र खादाड. त्याला कुजलेले शेणखत सढळ हाताने लागते.

मातीची गोष्टही अशीच. बुंदेलखंडात मातीला चार नावे आहेत : मार आणि काबर या काळ्या, पडुवा आणि राकड या तांबूस. तांबूस हलकी माती भुईमुगाला मानवते, कारण घट्ट काळ्या मातीत आरी शिरत नाही. झाशीच्या आसपास या पिकाने पाय रोवले ते उगीच नव्हे.

ऋतू दोघांनी वाटून घेतले आहेत. आषाढात पहिला चांगला पाऊस झाला की आजी भुईमूग लावतात : दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर आणि दाणा 5 सेंटिमीटर खोल. आऱ्या सुटण्यापूर्वी खुरपणी करून भर घालायची. त्यानंतर खुरप्याला हात लावायचा नाही, नाहीतर आऱ्या तुटतात. साडेतीन-चार महिन्यांनी एखादी शेंग फोडून पाहावी. टरफल आतून काळपट झाले की पीक तयार. मग त्याच वाफ्यात, थंडीची चाहूल लागताच, बटाटा. रात्री गार असल्या तरच तो पोसतो. रोपे वीतभर झाली की मातीची भर द्यावी. काढणीपूर्वी दहा-बारा दिवस पाणी तोडून पाला कापावा, म्हणजे साल पक्की होते.

दोघांची साठवण मात्र डोळ्यांत तेल घालून करावी. उजेडात राहून हिरवा झालेला बटाटा विषारी असतो; शिजवूनही ते विष जात नाही. ओलसर राहिलेल्या शेंगांवर बुरशी येऊन अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, ते ब्राझीलहून आलेल्या अशाच भुईमुगाच्या पेंडीमुळे. म्हणून शेंगा खडखडीत वाळवाव्यात, बटाटे अंधारात ठेवावेत, आणि कडू किंवा बुरसट दाणा मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

निघताना आजींनी एक काळजी बोलून दाखविली. मुलांचा आग्रह आहे की परसात फरशी घालून मोटारीसाठी जागा करावी. “मोटार हवीच हो,” त्या म्हणाल्या, “पण येथे चार महिने पाऊस आणि आठ महिने त्याची वाट पाहणे. फरशी घातली तर पाणी गटारात जाईल. वाफा असला तर ते जमिनीत मुरते, आणि विहिरीला थोडा तरी आधार मिळतो.” खाली खडक असलेल्या या शहरात त्यांचे बोलणे किती खरे आहे, हे उन्हाळ्यात विहिरीत डोकावणाऱ्यालाच कळेल. शेवटी अर्धे परस मोटारीला आणि अर्धे वाफ्याला, अशी तडजोड त्यांनी मुलांपुढे ठेवली आहे. उत्तर अजून यायचे आहे.

त्यांनी माझ्या पिशवीत बियाण्याच्या ओंजळभर शेंगा घातल्या आणि बजावले, “पेरायच्या वेळीच सोला, लाल साल निघाली तर दाणा कुजतो.” वाचकहो, आपल्या दारी दोन हात मोकळी जमीन असेल, तर तिच्यावर फरशी घालण्यापूर्वी एक वर्ष या दोन पाहुण्यांना तेथे उतरवून पाहा. आषाढात एक, कार्तिकात दुसरा. पुढच्या एकादशीच्या फराळाला घरचे दाणे आणि घरचा बटाटा ताटात येईल, आणि ते वाढताना मुलांना त्यांच्या दूरच्या गावाची गोष्टही सांगता येईल.