दिलेली किल्ली

टपालवाल्यानें सही घेऊन एक पाकीट हातीं द्यावें, आणि तेवढ्यानें मनुष्याची आठ दिवसांची झोंप उडावी, असें आम्हांस पूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर आम्ही हंसलों असतों. गेल्या वर्षीं तसें घडलें खरें. पाकिटांत विमा कंपनीची नोटीस होती. आमच्या मोटारीनें ज्याचा पाय मोडला, त्या गृहस्थास कंपनीनें न्यायाधिकरणाच्या हुकुमाप्रमाणें भरपाई दिली होती. आतां ती रक्कम मोटारीच्या मालकानें, म्हणजे आम्ही, कंपनीस व्याजासह परत करावयाची होती. वर्षानुवर्षें बिनबोभाट हप्ते भरणाऱ्यास जें वाटावें, तेंच आम्हांस वाटलें. संकटांत उपयोगीं पडावा म्हणून विमा उतरावयाचा, आणि संकट ओढवल्यावर कंपनीनेंच वसुलीस दारीं यावें, हा कोठला न्याय?

हकीकत अशी. २०१८ सालच्या मे महिन्यांत आमच्या शहराच्या बीड बायपासवरील एका मंगल कार्यालयांत आप्तांकडील लग्नाचा स्वागतसमारंभ होता. रात्रीं अकराच्या सुमारास पाहुण्यांस रेल्वे स्टेशनवर सोडण्याचें निघालें. आमचा पुतण्या पुढें झाला व म्हणाला, “काका, किल्ली द्या, मी सोडून येतों.” त्याच्या तोंडाला वास येत होता. तो आम्हांस आला होता; खोटें कशास बोलावें? परंतु चारचौघांत, व्याह्यांच्या देखत, घरच्या मुलाचा पाणउतारा कसा करावा, या भिडेनें आम्ही किल्ली त्याच्या हातावर ठेवली. पाऊण तासानें फोन आला. स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतींत पाळी संपवून सायकलीवरून घरीं चाललेल्या एका कामगारास आमच्या मोटारीनें उडविलें होतें. बिचाऱ्याचा जीव वांचला. उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला.

शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला, कीं मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमान्वयें अपराध होतो. मुलाचें प्रमाण त्याहून पुष्कळच अधिक निघालें. कंपनीनें आमच्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च तात्काळ नाकारला. याविषयीं तक्रारीस जागा नव्हती, कारण तशी अट विमापत्रांत स्पष्ट छापलेली होती. दिल्लीस इंडिया गेटनजीक २००७ सालीं आदळून जळालेल्या एका महागड्या परदेशी मोटारीच्या तंट्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें असाच निर्णय दिला आहे.

परंतु ज्याचा पाय गेला, त्याचें काय? करार आमचा व कंपनीचा; त्यांतील अट मोडली आमच्या माणसानें; मग तिचा दंड रस्त्यानें आपल्या वाटेनें जाणाऱ्या त्रयस्थानें कां भोगावा? सक्तीचा विमा या देशांत आला, तो याच त्रयस्थासाठीं. १९३९च्या मोटार कायद्यांतील त्यासंबंधीचीं कलमें १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलीं. मोटारवाल्यास निर्धास्त करणें हा त्यांचा मूळ हेतु नव्हे. मोटारवाला कफल्लक निघाला, तरी जखमी मनुष्य उघडा पडूं नये, हा होय. त्यांतूनच ‘आधीं द्या, मग वसूल करा’ हा न्यायालयांचा पायंडा पडला. परवान्याच्या दोषासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें तो २००४ मध्यें विस्तारानें विशद केला, आणि मद्यपी चालकाच्या बाबतींत केरळ उच्च न्यायालयानें २०२३ मध्यें तोच मार्ग दाखविला. वसुलीसाठीं कंपनीस निराळा दावाही लावावा लागत नाहीं. पुढें २०१९च्या दुरुस्तीनें मद्यपान हें कंपनीच्या बचावाच्या कारणांत उघडपणें घातलें गेलें, व तें कलम १ एप्रिल २०२२ पासून लागू झालें. यापुढें होणाऱ्या अपघातांतील जखमींस यामुळें अधिक झगडावें लागूं नये, एवढीच आमची इच्छा.

आमचे वकील म्हणाले, “खंडपीठांत अपील करूं, निदान कांहीं वर्षें तरी निघतील.” जालना रस्त्यावरील त्या इमारतीवरून आम्ही रोज जातों. आमचें शहर मोठें चमत्कारिक आहे. येथें दुचाक्या व रिक्षा तयार होतात, आणि बिअरही तयार होते. २०१६च्या भीषण दुष्काळांत याच खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी आधीं निम्म्यानें व पुढें त्याहून अधिक कापावयास लावलें होतें. तहानलेल्यांसाठीं ज्यानें मद्याचें पाणी तोडलें, त्याच्याच पायरीवर मद्यप्यास किल्ली देणारे आम्ही दाद मागावयास जाणार! विचार मनांत येतांच आमचे आम्हांस हंसूं आलें, आणि तें फार काळ टिकलें नाहीं.

अपिलाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं एकदां त्या कामगाराच्या घरीं जाऊन यावें, असें वाटलें. इतक्या वर्षांत आम्ही तेथें गेलों नव्हतों. वकिलाचा सल्ला तसा होता, असें आम्ही स्वतःस सांगत आलों होतों. तो ओट्यावर बसला होता, कुबडी शेजारीं. त्यानें आम्हांस ओळखलें, बसावयास सांगितलें, घरांतून चहा आला. आम्ही चांचरत पैशांचा विषय काढला. तो म्हणाला, “पैसं कुनी दिलं, ते आमाला काय ठावं, सायेब? आलं, म्हून प्वारीची शाळा सुटली न्हाई.”

कायद्याचें सारें मर्म त्या वाक्यांत होतें. पैसे कोणाचे, हा प्रश्न त्याचा नव्हताच. तो आमचा होता. आणि त्याचें उत्तर त्या मे महिन्याच्या रात्रींच आम्हांस ठाऊक झालें होतें. कंपनीची तिजोरी म्हणजे तरी काय? जे कधीं थेंब शिवले नाहींत, रात्रीं जपून गाडी हांकून घरीं आले, अशा हजारों लोकांच्या हप्त्यांची ती पुंजी. आमच्या भिडेची किंमत त्यांनीं कां द्यावी?

अपील केलें नाहीं. म्हातारपणासाठीं ठेवलेली एक ठेव मोडली. पुतण्या दरमहा आपला वांटा आणून देतो. त्यानें आतां सोडली आहे. त्या दिवशीं तो फारसें बोलत नाहीं, आणि आम्हीही बोलत नाहीं.

गेल्या महिन्यांत आणखी एका लग्नाचा योग आला. जेवणें उरकल्यावर एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनीं, आम्हांस येणें जरुरीचें नाहीं असें म्हणत, किल्लीसाठीं हात पुढें केला. वास होता. आम्ही “नाहीं” म्हणालों. मंडपांत क्षणभर सर्वत्र शांतता पसरली. पाहुणे रिक्षानें गेले. ते अद्याप आमच्याशीं बोलत नाहींत.