बिशपांची टांकसाळ

लंडनच्या एका नाणेविक्रेत्याकडून आम्ही चांदीची एक पेनी विकत घेतली. आकाराने आपल्या जुन्या पावलीएवढी, पण वजनाने तिच्या निम्मी, जेमतेम दीड ग्रॅमची. एका बाजूस इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड. दुसऱ्या बाजूस कडेपर्यंत पोहोचलेला लांब क्रूस आणि त्याच्या चार हातांमध्ये विभागलेली लॅटिन अक्षरे. अर्थ लागला तेव्हा आम्ही हरखून गेलो. संत एडमंडचे गाव!

हे गाव म्हणजे बरी सेंट एडमंड्स. ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड 869 साली डेनिश आक्रमकांच्या हातून मारला गेला. नवल असे की, त्याच डेनिश लोकांच्या राज्यात एका पिढीच्या आतबाहेर त्याच्या नावाची नाणी पडू लागली. पुढे त्याच्या थडग्याभोवती मोठा मठ उभा राहिला आणि मठाधिपतीस टांकसाळीचा हक्क मिळाला.

मग आम्हांला नादच लागला. कँटरबरी, यॉर्क, डरहॅम. जिथे जिथे बिशपांची टांकसाळ होती ती गावे आम्ही नकाशावर शोधू लागलो. दहाव्या शतकातील राजा अ‍ॅथेलस्टनच्या कायद्यात कँटरबरीला नाणी पाडणारे सात जण नेमून दिले आहेत : चार राजाचे, दोन बिशपांचे, एक मठाधिपतीचा. त्याच कायद्यात खोटे नाणे पाडणाऱ्याची शिक्षाही आहे. त्याचा हात तोडून टांकसाळीच्या दारी ठोकावा! नाण्यावर गावाचे आणि पाडणाऱ्याचे नाव घालण्याची चाल होती ती का, हे यावरून उमगते. चांदी हलकी निघाली तर कोणाला जाब विचारायचा, हे नाणेच सांगत असे. 1279 साली एडवर्डने नवे नाणे काढले तेव्हा ही व्यक्तिनामे गेली, गावांची राहिली. फक्त संत एडमंडच्या मठात रॉबर्ट द हॅडली हे नाव आणखी काही काळ टिकून होते.

बिशपांची नावे नाण्यांवर नसत, खुणा असत. यॉर्कच्या आर्चबिशपांच्या पेनीवर क्रूसाच्या मध्यभागी चार पाकळ्यांची आकृती असे. डरहॅमचे बिशप केलॉ यांच्या पेनीवर क्रूसाचा एक हात टोकाशी वळून त्याचा धर्मदंड झालेला दिसतो. भिंगातून तो प्रथम पाहिला तेव्हा आम्हांला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. पण ठसे लंडनहून येत, मुखवटा राजाचा असे आणि नफा तेवढा बिशपांचा. प्रभूने नाणे दाखवून परूश्यांना जो प्रश्न केला, त्याचे उत्तर या पेनीवर काय द्यावे? आमचा अभिमान थोडा ओसरला.

यॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल वुल्झी तर एक पाऊल पुढे गेले. आधीच्या आर्चबिशपांनी पेनी आणि दोन पेनींचे नाणे यांवर समाधान मानले होते. यांनी चार पेनींचे ग्रोट पाडले आणि राजचिन्हाखाली आपली कार्डिनलची टोपी उमटवली. 1529 साली त्यांचे दिवस फिरले तेव्हा आरोपांच्या यादीत ही टोपीही होती. पुढच्या वर्षी कैदेत लंडनकडे नेले जात असता वाटेत लेस्टर येथे त्यांचा अंत झाला.

त्यानंतर मठ बुडाले. 1539 साली संत एडमंडचा मठ गेला, त्याच वर्षी यॉर्कचे संत लेनर्डचे रुग्णालयही गेले. गोरगरिबांची शुश्रूषा करणारे ते रुग्णालय त्या काळी देशातील मोठ्या रुग्णालयांपैकी एक होते. त्याच जागेत आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत राजाची टांकसाळ थाटली गेली. कारकिर्दीच्या अखेरीस हेन्रीच्या नाण्यात चांदी एक तृतीयांश, बाकी तांबे. वापराने चांदीचा मुलामा प्रथम राजाच्या नाकावरून उडे, म्हणून लोक त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणत! आता मात्र कोणाचा हात दारी ठोकला गेला नाही.

यॉर्कला त्या जागेस आजही ‘मिंट यार्ड’ म्हणतात. शेजारी शहराचे ग्रंथालय आहे आणि रुग्णालयाच्या काही दगडी कमानी शिल्लक आहेत. संत एडमंडची पेनी खिशात ठेवून आम्ही त्या कमानींखाली बराच वेळ उभे होतो. टांकसाळीची खूण काही दिसली नाही. रुग्णांच्या खाटा कोठे असतील, एवढेच आम्ही पाहत राहिलो.