आय आणि टी

तीनशे पत्रिका छापून, घड्या घालून, पाकिटांत भरून झाल्या तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दुपारी नवऱ्या मुलाचे काका छापखान्यात आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक पत्रिका मालकांच्या टेबलावर ठेवली आणि एका शब्दाखाली नख ओढलं. मुलगा नेव्हीत, म्हणून पत्रिका इंग्रजीत. तिथे हवं होतं ‘युनायटेड’. मी जुळवलं होतं ‘अनटाइड’. यू, एन, आय, टी, ई, डी. त्यातले आय आणि टी इकडचे तिकडे झाले, एवढंच. दोघं एका गाठीत बांधली जाणार, ही बातमी द्यायची सोडून गाठ सुटणार असल्याचं आग्रहाचं निमंत्रण आम्ही छापलं होतं.

मालक मला काही बोलले नाहीत. कागदाचे पैसे पगारातून दोन हप्त्यांत कापले.

ही 1982 सालची, सांगलीतली गोष्ट. मी दहावी झालेला, मराठी शाळेतला, तीन वर्षं जुळाऱ्याचं, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत होतो. इंग्रजी पाचवीपासून शिकलो ते स्पेलिंग पाठ करून; कुणी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. ‘लिसन’मधला टी मुका असतो हे मला विशी ओलांडल्यावर कळलं, तोवर मी ‘लिस्टेन’च म्हणायचो. पण स्पेलिंग पक्कं होतं, आणि जुळाऱ्याला तेवढं पुरतं, असा माझा समज होता.

त्या रात्री मी एकच विचार करत होतो. प्रूफ मी वाचलं, मालकांनी वाचलं, नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी सही केली, तरी सुटलं कसं? उत्तर दुसऱ्या दिवशी हातातल्या स्टिकनेच दिलं. स्टिक म्हणजे डाव्या हातात धरायची लोखंडी पट्टी, तिला तीन बाजूंनी कडा. अंगठ्याने आधीचे खिळे दाबून धरायचे, उजव्या हाताने पुढचा खिळा उचलायचा, खाच वर ठेवून बसवायचा. शब्द दिसतो डावीकडून उजवीकडेच, पण डोकं खाली, पाय वर. ओळ भरली की ती घट्ट बसली का ते बोटाला कळतं. एखादं अक्षर राहिलं तर ओळ सैल पडते, जास्त झालं तर बसतच नाही. चूक आधी बोटाला लागते, डोळ्यांना मागाहून. पण अक्षरं तीच असून नुसती जागा बदलली, तर ओळीची लांबी केसभरही बदलत नाही. बोट म्हणतं, सगळं ठीक. शिवाय आय आणि टी दोन्ही खिळे सडपातळ, बोटाला सारखेच लागणारे. आणि दुर्दैव असं की जे तयार झालं तोही इंग्रजीतला धडधाकट शब्दच होता.

मग मी असे शब्द एका वहीत लिहून ठेवायला लागलो. छंद म्हणून नव्हे, भीतीपोटी. ‘मॅरिटल’ म्हणजे वैवाहिक आणि ‘मार्शल’ म्हणजे युद्धाचं. इथेही तेच दोघे, आय आणि टी. दूध संघाची डायरी छापायला आली तेव्हा ‘डायरी’ आणि ‘डेअरी’ एकाच पानावर, डी-आय-ए आणि डी-ए-आय. त्या चार दिवसांत मला झोप नव्हती. ‘सेक्रेड’ आणि ‘स्केअर्ड’, पवित्र आणि घाबरलेला. कोर्टाच्या कामात ‘ट्रायल’ आणि ‘ट्रेल’. कचेरीच्या रजेच्या अर्जात ‘कॅज्युअल’चं ‘कॉझल’ तर इतकं रुळलं होतं की दुरुस्त करून दिलेलं प्रूफ साहेबांनी परत पाठवलं, चुकलंय म्हणून! पुढे संगणकावरचा स्पेलिंग तपासणाराही या शब्दांना हात लावत नसे. तोही माझ्या बोटासारखाच, शब्द भरला की खूश.

मराठीत असा धोका मला फारसा भेटला नाही. ‘मगर’ची ‘गरम’ होते, ‘नदी’ उलटली की ‘दीन’ होते, पण तसे शब्द शोधावे लागतात. काना-वेलांट्या आपल्या अक्षराला चिकटून असतात, त्यामुळे अदलाबदल झाली की बहुधा काहीतरी अर्थहीन तयार होतं आणि डोळा ठेचकाळतो. इंग्रजीत सव्वीस खिळे सुटे, कुणाचं कुणाशी नातं नाही, कुणीही कुणाशेजारी बसतो.

भीतीची गोडी कधी झाली ते सांगता येणार नाही. दुपारी वीज गेली की मी मोठ्या टाइपातले खिळे घेऊन बसायचो. ‘रिझल्ट’चं ‘लस्टर’ व्हायचं, ‘मॅरिड’चं ‘अ‍ॅडमायरर’. एकदा एका शिक्षकांच्या सत्काराची पत्रिका जुळवत होतो. शीर्षकातला ‘टीचर’ घेतला आणि सहज हलवून पाहिला, तर ‘चीटर’ झाला. हसलो, चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा नवीन पोऱ्याने प्रूफ काढलेलं आणि ते पाहायला खुद्द हेडमास्तर आलेले. माझ्या पोटात गोळा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिशातली पेन्सिल काढली, काही न बोलता समासात लिहिलं आणि निघून गेले. मी भीत भीत पाहिलं. समासात लिहिलं होतं, ‘हेक्टर’. जमीन मोजायचा! मी एकेक अक्षर बोटाने मोजलं. एच, ई, सी, टी, ए, आर, ई. सातही तीच.

पुढे प्रूफ न्यायला येताना ते एखादा शब्द आणू लागले. त्यांचा सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे एक बेरीज. ‘इलेव्हन प्लस टू’, ही अक्षरं हलवली की ‘ट्वेल्व्ह प्लस वन’. मी खरोखर खिळे घेऊन करून पाहिलं. एकही खिळा उरला नाही, एकही कमी पडला नाही. अकरा नि दोन तेरा, बारा नि एक तेरा, आणि खिळे मोजले तर तेही तेरा. तशी गंमत मी नंतर पुष्कळ पाहिली, पण अंगावर काटा त्याच दिवशी आला.

रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाची गोष्टही त्यांनीच सांगितली. स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती ताणली जाते, हा नियम हूकला सापडला होता, पण इतक्यात फोडायचा नव्हता आणि श्रेयही घालवायचं नव्हतं. म्हणून 1676 साली त्याने तो नियम सांगणाऱ्या लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरं नुसती वर्णक्रमाने लावून छापली: एक सी, एक ई, तीन आय, अशी. वाक्य उघड केलं 1678 साली. हेडमास्तरांना त्यात विद्वानांची हुशारी दिसत होती. मला त्यात आमचं रोजचं संध्याकाळचं काम दिसलं. छपाई झाली की जुळवलेला फर्मा सोडायचा, खिळे धुवायचे आणि एकेक आपापल्या खणात टाकायचा. सकाळचं भाषण, लग्न, जप्तीची नोटीस, सगळं संध्याकाळी नुसतं इतके ए आणि इतके ई होऊन जातं. हूकने छपाईच्या आधीच सोडणी केली होती.

हेडमास्तर गेले, ट्रेडल मशीन भंगारात गेलं, 1991 साली मी संगणकावर बसायला शिकलो. आता सकाळी मोबाइलवर ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ यांची अक्षरं सारखीच असतात, म्हणून गप्प बसून ऐकावं, असा उपदेश महिन्याला एकदा तरी येतो. त्याच अक्षरांतून ‘टिन्सेल’ही निघतो, म्हणजे नुसती चमचमती झिरमिळी. ते कुणी पाठवत नाही.

नात दहा वर्षांची आहे, तिने स्क्रॅबल आणलाय. शंभर सोंगट्या, त्यात ई बारा. हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन वास्तुविशारद. मंदीत त्याची नोकरी गेली होती, तेव्हा वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते तो मोजत बसला. मला विचारलं असतं तर इंग्रजी खिळ्यांची केस उघडून दाखवली असती. ई-चा खण सगळ्यात मोठा आणि हाताच्या टप्प्यात, झेडला कोपऱ्यातली चिमूटभर जागा.

नातीने काल लिंबू चावल्यासारख्या चेहऱ्याने सोंगट्या मांडल्या आणि माझ्याकडे पाहिलं. पट तिच्या बाजूने होता, मला सगळे शब्द डोक्यावर उभे.

“आजोबा, तुमच्याकडे फिरवू का?”

“नको गं, मला असंच नीट दिसतं.”