घर पाहावे, घराची जागाही पाहावी

यंदा १४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेबांच्या जन्मभूमीला, महूला, वंदन करून आम्ही सहकुटुंब भोपाळला गेलो. सांचीला जाण्यापूर्वी एक दिवस हाती होता, म्हणून तेथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पाहिले.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. तशी दालने येथेही आहेत. पण मोठ्या तलावाकाठच्या श्यामला टेकडीवर, सुमारे २०० एकरांत, उघड्या आभाळाखाली खरीखुरी घरेच उभी आहेत. वारली, भिल्ल, राठवा, संथाळ, नागा अशा अनेक जमातींची ही घरे. त्या त्या लोकांनी स्वतः येऊन, आपल्याच पद्धतीने ती बांधली. माती, बांबू, लाकूड, गवत. एवढ्याच सामानात केवढी अक्कल! ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्या हातांत केवढी विद्या होती, हे तेथे कळते.

वारल्यांच्या घरापाशी आमची आई थबकली. कारवीच्या काठ्यांचा कुड, वर शेणमातीचे सारवण. तिने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो कुड आपल्या घराचाच की रं!"

आमचे कोकणातले जुने घर असेच कुडाचे, गवती छपराचे. आई लग्न होऊन त्याच घरात आली. काही वर्षांपूर्वी आम्हीच ते पाडून चिऱ्याचे, स्लॅबचे घर बांधले. पाडताना एक फोटोसुद्धा काढला नाही. खरे सांगायचे तर ते घर कोणाला दाखवावे असे आम्हांला कधी वाटलेच नाही. कचेरीत कोणी गावच्या वाड्याच्या गोष्टी काढल्या की आम्ही मुकाट्याने फायलीत डोके घालत असू.

मुलीने विचारले, "आजी, मग आपलं घर इथं का नाही?"

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपलं घर आणायचं तर नुसता कुड आणून भागल का? गावाची विहीर आणावी लागल. आणि विहिरीपास्नं लांब, कोण पाणी वाढतंय का म्हणून घागर घेऊन बसलेली मी, तीबी आणावी लागल."

आम्हांला काही बोलवेना. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. आई सांगत होती ती गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षांनंतरची.

घराची भिंत जपता येते, छप्पर जपता येते. पण ते घर गावाच्या कोणत्या अंगाला होते, आणि का होते, हे सांगायला माणूसच लागतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे खरे रूप परखडपणे मांडले. म्हणूनच ते घर गेले याचे आम्हांला दुःख नाही. दुःख याचे की, घराबरोबर त्याची हकिकतही आम्ही पुसायला निघालो होतो. लाज ज्यांनी वेशीबाहेर ठेवले त्यांना वाटायला हवी. ती आम्ही का वाहावी?

दुसऱ्या दिवशी सांचीला गेलो. स्तूपाभोवतीचे दगडी कठडे लाकडी कुंपणासारखेच घडवले आहेत. खांबात आडवे दगड खोबणी करून बसवलेले. सुताराचे कसब पाथरवटाने दगडात उतरवले. त्या दगडांवर दान देणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींची, उपासक-उपासिकांची नावे कोरलेली आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कामाची नोंद केली आहे. दोन हजार वर्षे झाली, नोंद बोलते आहे.

घरी आल्यावर आम्ही दोनशे पानी वही आणली. रविवारी वंदना झाली की आई सांगते आणि मुलगी लिहिते. पहिल्या पानावर तिने आजीच्या सांगण्यावरून घराचा नकाशा काढला आहे: ओटी, पडवी, चूल, जात्याची जागा. आईने तो पाहिला आणि म्हणाली, "विहीर काढ. अजून लांब. अजून लांब." शेवटी विहीर पुढच्या पानावर गेली.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात अशी एखादी आई असेल, आजी असेल. ती आहे तोवर वही आणा.