बिनभाड्याची फेरी

"आमच्या घरात जीप आहे," असं मी पहिल्या वर्षाला असताना एका मैत्रिणीला ऐटीत सांगितलं होतं. ती वडापची जीप आहे, एवढं सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी मुद्दामच सांगितलं नाही.

वडाप म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. जागा नऊ-दहांची, बसणार चौदा-पंधरा, आणि मागं दाराला लटकलेला एखादा वेगळाच! सोळा वर्षं आबांनी गाव ते रंकाळा आणि रंकाळा ते गाव केलं. त्या जीपवर घर चाललं, माझी फी भरली गेली. पण घरची माणसं म्हणून आम्ही सगळे तिच्यात कधी बसलो नव्हतो. एक सीट म्हणजे एक भाडं. लहानपणी मी पुढं बसायची. पॅसेंजर आला की आबा म्हणायचे, "सरक बाय." सरकत सरकत मी गिअरच्या दांड्याला चिकटायची.

यंदा जीप विकायची ठरली. घरोघरी मोटारसायकली आल्या, पॅसेंजर आटले, गाडीही थकली. दिवाळीनंतर घेणारा येणार होता. त्याआधी एका रात्री जेवता जेवता आबा म्हणाले, "सोळा वर्सं लोकांस्नी फिरवलं. एकदा आपुन बसूया की तिच्यात."

आजी, आई, आबा, धाकटा भाऊ आणि मी निघालो. मागं दोन वाकळा, गॅसची लहान शेगडी, पिठाचा डबा, खर्डा आणि पाण्याचे कॅन. लॉजवर उतरायची ऐपत नव्हती. स्वयंपाक रस्त्याकडेला आणि झोप जीपमध्ये.

पहिल्या दहा मैलांतच गंमत झाली. थांब्यावर कुणी हात केला की आबांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शेवटी आजी वैतागली, "आरं, आज भाडं न्हाई. चल म्होरं!"

राधानगरीला धरण पाहिलं. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हाती घेतलं. महाराज १९२२ साली गेले. धरण पुरं झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. हे मी पुस्तकी थाटात सांगायला लागले. आबा म्हणाले, "ठावं हाय. दरवाजे उघडले की आपला रस्ता बंद, धंदा बंद." तेच धरण, पण आबांना ते बुडालेल्या रोजावरून ओळखीचं होतं.

राधानगरीच्या पुढं मात्र आबाही कधी गेले नव्हते. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ साली त्याची हद्द वाढवली आणि ते राधानगरी अभयारण्य झालं. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आम्ही आत गेलो नाही, रस्त्यानंच चाललो होतो. दिवस मावळताना एका वळणावर गवा उभा होता. काळाभोर, आणि पायांत जणू पांढरे मोजे! जन्मभर हॉर्नवर हात असलेल्या आबांनी इंजिनच बंद केलं. कुणी बोललं नाही. तो निवांत रस्ता ओलांडून झाडीत शिरला. आबा हळूच म्हणाले, "ह्याला कुठं घाई हाय?"

रात्री फोंडा घाट उतरून खाली पेट्रोल पंपाजवळ थांबलो. आईनं पिठलं टाकलं. सीटवर पाय पसरून झोपताना मला वाटलं, या जीपमध्ये इतकी जागा होती तर!

दुसऱ्या दिवशी कणकवली, सावंतवाडी करत आंबोली घाट चढलो. चढणीवर इंजिन तापलं. आबांनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. खालचं कोकण आम्ही बघत होतो; ते गाडीकडे बघत होते.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेतून पाणी येतं. समुद्र पश्चिमेला, इतका जवळ. पण ही नदी पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. घटप्रभा पुढं कृष्णेला. आमच्या भोगावतीचं पाणीही पंचगंगेतून कृष्णेलाच जातं. आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "म्हंजे घरचंच की!"

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आठवड्यानं घेणारा आला. टायर बघितले, इंजिन ऐकलं आणि विचारलं, "किती बसत्यात?"

आबा म्हणाले, "बसवशील तेवढी. पर पाच बसली की बरं वाटतं."

त्याला ते कळलं नाही. जीप गेली. अंगणात तेलाचा काळा डाग तेवढा राहिला आहे. आई त्यावर शेण सारवत नाही.

आबा आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. यंदा कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी तसंच लिहिलं. गेल्या वर्षी 'व्यापार' लिहिलं होतं. आणि ज्या मैत्रिणीला मी अर्धंच वाक्य सांगितलं होतं, तिच्या हातात हा अंक पडेलच. उरलेलं वाक्य तिनं इथं वाचावं.