वाईट वाट आणि तिच्यावरचे पूल

‘विया माला’ म्हणजे वाईट वाट. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात ग्राउब्युंडेन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे जर्मन, इटालियन आणि रोमान्श अशा तीन भाषा चालतात. त्यातल्या रोमान्शमध्ये ‘विया’ म्हणजे वाट आणि ‘माला’ म्हणजे वाईट. ऱ्हाईन नदीच्या वरच्या फाट्याने इथे डोंगर इतका खोल कापला आहे की घळीच्या भिंती तीनशे मीटरपर्यंत उभ्या आहेत आणि काही ठिकाणी दोन भिंतींमध्ये जेमतेम काही मीटरचे अंतर उरते. आल्प्स ओलांडून इटलीकडे जाणाऱ्याला याच घळीतून जावे लागे. म्हणून हे नाव.

माझा धाकटा भाऊ झुरिकला नोकरीला आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने दोन पर्याय समोर ठेवले. एक, बर्फाच्या शिखरावर जाणारी रेल्वे, जिथे आपल्याकडचे सगळे फोटो काढून येतात. दुसरा, विया मालातून पायी. पहिल्याच्या तिकिटाचा रुपयांत हिशेब केला आणि चालणेच बरे असे माझे मत झाले. भाऊ म्हणाला, “आपा, पाच तास चालावं लागेल.” मी म्हटले, “अरे, मी दिवसभर वर्गात उभी राहते. पाच तासांचं काय सांगतोस!”

झुरिकहून कूर, तिथे लाल रंगाची छोटी गाडी बदलून टूसिस. टूसिसला उतरल्याबरोबर समोर पिवळ्या पाट्या दिसतात. त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसते, तासांत आणि मिनिटांत असते. चालणाऱ्याला तेच हवे असते. सोपी वाट असेल तर नुसती पिवळी खूण, डोंगरातली वाट असेल तर दगडांवर, झाडांवर पांढरी-लाल-पांढरी पट्टी. देशभरात अशा सुमारे ६५ हजार किलोमीटर पायवाटा आहेत. आणि हे मला फार नवल वाटले, की १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांचे कलम चक्क राज्यघटनेत घातले. मोटाररस्ते वाढत चालले, पायवाटा त्यांच्याखाली जाऊ लागल्या, म्हणून. (याच देशात बायकांना देशपातळीवरचा मताधिकार १९७१ साली मिळाला, म्हणजे आपल्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. तेव्हा सगळ्याच बाबतीत ते पुढे होते असे समजू नये.)

वाट आधी चढते. वर होहेनरेटियन नावाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, कड्याच्या अगदी टोकाला. माझी अकरा वर्षांची भाची पुढे, तिचे अब्बा मध्ये, मी शेवटी. कॅनव्हासचे बूट पुरे होतील असे मला वाटत होते, पण भावजयीने तिचे जाड तळव्याचे बूट दिले होते आणि ओल्या मुळांवरून चालताना तिच्यासाठी मनापासून दुआ निघाली.

किल्ला मागे पडल्यावर जंगलात एक ओढा आडवा येतो. त्यावरच्या पुलाचे नाव ट्राव्हर्सिनर. मी याआधी असा पूल पाहिला नव्हता, कारण हा पूल म्हणजे जिना आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांच्या उंचीत बावीसएक मीटरचा फरक. म्हणून लाकडी पायऱ्यांचा छप्पन मीटर लांबीचा जिनाच पोलादी दोरांवर टांगून दिला आहे. एका काठावरून पायऱ्या उतरत उतरत तुम्ही हवेतून दुसऱ्या काठाला पोहोचता. पाय टाकला की किंचित हलतो. मी भावाची बाही धरली. भाची मधोमध थांबून विचारते, “फुफी, पुलसिरात असाच असतो का?” म्हटले, “तो केसाहून बारीक असतो म्हणतात बेटा, इथे तर कठडा आहे. चल.”

या पुलाची गोष्ट अशी. कूरचे अभियंते युर्ग कॉन्त्सेट यांनी इथे १९९६ साली आधी एक वेगळा पूल बांधला होता. लाकूड आणि पोलादी दोर यांचा तो पूल हेलिकॉप्टरने आणून बसवला होता. तीनच वर्षांत, १९९९ च्या मार्चमध्ये, वरून दरड कोसळली आणि पूल गेला. त्यांनी तो जिथल्या तिथे पुन्हा उभा केला नाही. दरडीपासून सुरक्षित जागा शोधली. त्या जागेचे दोन काठ समपातळीत नव्हते, म्हणून पुलाचा जिना झाला. २००५ साली तो पूर्ण झाला.

पुढे वाट उतरून खुद्द घळीपाशी येते. इथे तिकीट काढून तीनशेहून जास्त पायऱ्या उतरून पाण्याजवळ जाता येते. खाली गेल्यावर आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. मे महिन्यात वरचे बर्फ वितळत असते, त्यामुळे पाणी राखाडी-हिरवट. भिंतींना मोठे गोल रांजण कोरलेले. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरले, त्यांनी हे कोरले. निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ओळखीचे वाटेल. मान वर केली तर आकाशाची एक चिंधी, आणि तिच्यावरून गेलेली दगडी कमान. तो पूल १७३९ सालचा. जर्मन कवी गटे १७८८ साली इटलीहून परतताना इथून गेला आणि घळीचे चित्र काढून गेला.

इथल्या दुकानात एक कादंबरी दिसली, नाव ‘विया माला’, १९३४ ची. लेखक जॉन क्निट्टेल. भाऊ म्हणाला, या माणसाचा जन्म कुठला सांग पाहू? धारवाड! वडील बाझल मिशनचे पाद्री होते आणि १८९१ साली मुलगा धारवाडला जन्मला. तेव्हा धारवाड आपल्या मुंबई इलाख्यातच होते. म्हणजे या घळीला जगभर नाव मिळवून देणारा माणूस आपल्या शेजारचाच निघाला.

पण मला जास्त वेळ धरून ठेवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. हा रस्ता बांधला कोणी? रोमन काळापासून इथून वाट होती, खडकात खोदलेल्या खुणा आहेत. पुढे ती मोडकळीला आली. १४७३ साली टूसिस आणि शेजारच्या दोन गावांनी, काझिस आणि मासाइन यांनी, लेखी करार केला की घळीतला रस्ता आम्ही बांधू आणि सांभाळू. राजा बांधेल, सरदार बांधेल अशी वाट त्यांनी पाहिली नाही. अर्थात पुण्य म्हणूनही केले नाही. या मार्गावरच्या गावांचे मालवाहतुकीचे संघ होते, त्यांना ‘पोर्ट’ म्हणत. आपल्या हद्दीतून जाणारा माल फक्त आपल्याच शेतकऱ्यांच्या जनावरांवरून जाईल हा त्यांचा हक्क, आणि बदल्यात त्या टापूतला रस्ता आणि पूल चालू ठेवणे ही त्यांची जबाबदारी. हिवाळ्यात बर्फ तेच हटवत. हद्द आली की माल पुढच्या गावच्या हवाली. ज्याची कमाई रस्त्यावर, त्याच्याच हातात कुदळ. मला हा हिशेब पटला.

चारशे वर्षे हे चालले. १८१८ ते १८२३ च्या दरम्यान घोडागाड्यांचा रस्ता झाला. १८८२ साली गॉटहार्डची रेल्वे सुरू झाली आणि माल तिकडे वळला. या खोऱ्यातली कमाई गेली. १९६७ साली सान बर्नार्डिनोचा बोगदा खुला झाला, आता महामार्गावरून मोटारी घळ न पाहताच निघून जातात. जुनी वाट झाडीत हरवत चालली होती. ती अलीकडे पुन्हा जोडली गेली ती चालणाऱ्यांसाठी, आणि तुटलेल्या जागी हे नवे पूल आले. टूसिसपासून इटलीतल्या किआवेन्नापर्यंत आता ६५ किलोमीटर सलग चालता येते.

घळीच्या पुढे लागतो पुंत दा सुरान्सुन्स. पुंत म्हणजे पूल. लांबी चाळीस मीटर, बांधला १९९९ मध्ये, कॉन्त्सेट यांनीच. दोन काठांमध्ये पोलादी पट्ट्या ताणल्या आहेत आणि त्यांवर जवळच्याच आंडेर गावच्या खाणीतल्या दगडाच्या फरश्या एकीला एक घट्ट लावल्या आहेत. बस्स. खांब नाही, कमान नाही. गळ्यातल्या साखळीसारखा मध्ये थोडा खाली झुकलेला दगडाचा पट्टा. वरून महामार्गाचा मोठा पूल जातो. हिवाळ्यात महामार्गावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याचे पाणी खाली उडते, म्हणून पट्ट्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या घेतल्या. एवढ्या लहान पुलासाठी एवढा विचार.

त्या पुलाच्या मधोमध उभी असताना मला आमचा साकव आठवला. कोकणातल्या वाचकांना साकव सांगायला नको. आमच्या शाळेच्या पलीकडच्या मोहल्ल्यातली मुले ओढ्यावरच्या साकवावरून येतात. त्याची लांबी या सुरान्सुन्सच्या निम्मीही नाही. जुलैत पाणी वर आले की हजेरीपत्रकावर त्या वस्तीच्या नावांपुढे ओळीने ‘गैरहजर’ लिहावे लागते. गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलीचे नाव मी सलग नऊ दिवस तसे लिहिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यातली माणसे गेली. ती रात्र आमच्या भागातले कोणी विसरलेले नाही. सावित्रीचा पूल मोठ्या रस्त्यावरचा होता, तिथे वर्षभरात नवा झाला. साकवावरून मात्र फक्त आमची पोरे जातात.

दीड वाजता जुहरची वेळ झाली. (तिकडच्या उन्हाळी घड्याळामुळे ती उशिरा सुरू होते.) वजू नदीकाठच्या बर्फगार पाण्याने केला, बोटे बधिर झाली. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करायची इतकी सवय, की तिथे आग्नेयेला वळताना मन दोनदा विचारते. येणारे-जाणारे हळूच ‘ग्र्युएत्सी’ म्हणून पुढे गेले. कोणी थांबून पाहिले नाही.

त्सिलिस गावात वाट संपते. तिथल्या जुन्या चर्चचे लाकडी छत बाराव्या शतकातले आहे, १५३ रंगीत चौकटींचे. पाहायला आरसे देतात, म्हणजे मान दुखत नाही.

बसची वाट पाहताना भावाने पोन्त्रेसिनाचा विषय काढला. याच प्रांतातले ते गाव. त्याच्या नावाचा अर्थ ‘सारासेनांचा पूल’, म्हणजे अरबांनी बांधलेला, असे काही जण सांगतात. दहाव्या शतकात अरबांच्या टोळ्या आल्प्सच्या खिंडींत येऊन पोहोचल्या होत्या, कूरच्या बिशपच्या मुलखाला त्यांनी लुटले होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण जाणकारांचा कल पुलाला सारासेनो नावाच्या एखाद्या माणसाचे नाव असावे याकडे आहे. भावाला अरबांचाच पूल हवा होता. मी शिक्षिका, पुरावा नसताना श्रेय घ्यायला माझे मन धजत नाही. आपल्याकडे ‘पूल’ हा शब्द फारसीतून आला, तो मराठीने आणि उर्दूने दोघींनी वापरून गुळगुळीत केला, एवढा पुरावा मला पुरतो.

कोणाला जायचे असेल तर थोडक्यात सांगते. मे अखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला. खाणे घरून बांधून न्या, वाटेत हलाल मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही पराठे आणि खिमा नेला होता. गावांतल्या दगडी हौदांना वाहते पाणी असते, पिण्याचे नसेल तिथे तशी पाटी असते. गुडघे दुखणाऱ्यांनी नुसती घळ पाहावी, पिवळी पोस्टबस थेट तोंडाशी सोडते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी फळ्यावर सुरान्सुन्स काढून दाखवला. दोन काठ, मध्ये झुकलेली रेघ, रेघेवर फरश्या. पलीकडच्या मोहल्ल्यातला एक मुलगा कधी बोलत नाही, त्याने हात वर केला. “मॅडम, पावसात त्याच्यावरून पाणी जातं?” म्हटले, नाही, पुराचं पाणी पाहून मगच पुलाची उंची ठरवतात. त्याने वहीत पुलाखाली दोन लाटा काढल्या आणि वरच्या फरश्या मोजत बसला.